एक चमचा पाणी आणि चाळीस तास

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ च्या एप्रिलमध्ये या माणसानं मद्रासजवळ जमिनीवर १२ किलोमीटरची एक सरळ रेघ मोजायला घेतली. हाताशी १०० फुटी पोलादी साखळी होती आणि उन्हानं ती किती लांबली हे पाहायला थर्मामीटर होते. साखळी सुमारे ४०० वेळा अंथरली गेली आणि ते १२ किलोमीटर मोजायला ५७ दिवस लागले. त्या रेघेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत भारताची मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला, आणि काम पुढच्यांनी हिमालयापर्यंत नेलं.

तेवढ्याच १२ किलोमीटरला सायकलवर अर्धा तास पुरतो. हँडलबारवरचं ८० ग्रॅमचं यंत्र त्या अर्ध्या तासात १,८०० वेळा सांगतं की आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत. खिशातला फोनही हेच करतो. लॅम्ब्टनची नोंद मी पहिल्यांदा वाचली त्यानंतर हँडलबारकडे पाहायची माझी नजरच बदलली.

लांबच्या राइडला नव्यानं येऊ लागलेली मुलं मला हमखास विचारतात, "काका, गार्मिन घ्यावं का, की मोबाइलवर भागेल?" गार्मिन हे एका कंपनीचं नाव, पण आमच्याकडे हँडलबारवरच्या कुठल्याही जीपीएस यंत्राला तेच म्हणतात, फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणावं तसं. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: दोघांत जास्त अचूक कोण? अचूकतेचे आकडे डोकं चक्रावून टाकणारे आहेत खरे, पण ते दोन्ही यंत्रांचे जवळजवळ सारखेच आहेत. खरा फरक तासांच्या हिशेबात पडतो. तरी आधी अचूकतेकडेच पाहू, कारण त्या आकड्यांचा विस्मय मला अजून ओसरलेला नाही.

अमेरिकेचे जीपीएस उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला ३.९ किलोमीटर वेगानं, दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात. पुणे-मुंबई हे १५० किलोमीटरचं अंतर त्या वेगानं ४० सेकंदांच्या आत संपेल. व्यवस्था पुरी व्हायला असे २४ उपग्रह लागतात, प्रत्यक्षात तीसएक चालू असतात. रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बैदू हेही धरले तर आपल्या डोक्यावर वाट दाखवणारे १०० हून जास्त उपग्रह आहेत. आजचे बरेच फोन आणि बरीच सायकल यंत्रं या सगळ्यांचं ऐकतात.

ऐकतात म्हणजे काय ऐकतात? एका उपग्रहाची आवाज द्यायची ताकद ५० वॅटच्या आसपास, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. तो बल्ब २०,२०० किलोमीटरवर आहे आणि त्याचा उजेड अख्ख्या गोलार्धावर पसरतो. तो आपल्या अँटेनापर्यंत पोचतो तेव्हा किती उरतो? एका वॅटचा जो भाग उरतो तो लिहायला दशांश चिन्हानंतर १५ शून्यं द्यावी लागतात, मग पहिला १ येतो. हा आकडा वाचून काहीच बोध होत नाही, म्हणून मी तो दुसऱ्या प्रकारे मांडून पाहिला. एक चमचा पाणी घ्या, ५ ग्रॅम. ते एका अंशानं तापवायला २१ ज्यूल ऊर्जा लागते. एका उपग्रहाकडून अँटेनाला मिळणारी सगळी शक्ती, कणभरही वाया न घालवता, त्या चमचाभर पाण्याला देत राहिलो तर ते एक अंश तापायला साडेचार अब्ज वर्षांहून जास्त काळ लागेल. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं आहे. पृथ्वी जन्मली तेव्हा चमचा मांडला असता, तर पाणी आज जेमतेम एका अंशानं कोमट झालं असतं.

एवढ्या क्षीण हाकेवर आपण रात्री दोन वाजता अनोळखी फाट्यावर डावीकडे वळतो.

बरं, ती हाक शांततेत येत नाही. यंत्रातल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेच्या खळबळीतूनच जो गोंगाट उठतो तो या संदेशापेक्षा सुमारे ५० पट मोठा असतो. मग हा संदेश ऐकू कसा येतो? आषाढी वारीची पालखी पुण्यात शिरते तेव्हाचा रस्ता आठवा. टाळ, मृदंग, हजारो गळे. त्या गदारोळात कुणी दूरवर आपल्या घरच्या चालीत अभंग म्हणत असेल तर कान तो बरोबर टिपतात, कारण चाल आधीपासून पाठ असते. प्रत्येक उपग्रहाची अशीच एक ठरलेली चाल आहे: १,०२३ शून्य-एकांची एक माळ. ती सेकंदाला १,००० वेळा तो म्हणत असतो. यंत्राला सगळ्या उपग्रहांच्या माळा पाठ असतात. आपल्याकडची माळ मागेपुढे सरकवत ते गोंगाटावर ठेवून पाहतं, आणि जिथे जुळते तिथे उपग्रह सापडतो. किती सरकवावी लागली त्यावरून संदेशाला यायला किती वेळ लागला ते कळतं.

तो वेळ उपग्रह थेट डोक्यावर असेल तर ६७ मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण या ६७ मिलिसेकंदांत बरंच काही घडून जातं. संदेश सोडणारा उपग्रह स्वतः २६० मीटर पुढे निघून जातो. पुण्याची जमीन पृथ्वीच्या फिरण्यासोबत सेकंदाला ४४० मीटर वेगानं पूर्वेकडे चालली आहे, ती जवळजवळ ३० मीटर सरकते. आणि ताशी २५ किलोमीटरनं चाललेला सायकलस्वार अर्धा मीटर पुढे जातो. यातले पहिले दोन हिशेब चुकते केल्यावरच नकाशावरचा निळा ठिपका रस्त्यावर पडतो, नाहीतर शेजारच्या उसात.

वेळेचा हिशेब म्हणजे घड्याळाचा हिशेब. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली की घाटातला माणूस दरीपलीकडच्या डोंगरावर दिसायचा. म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. सीझियमच्या अणूचं ठरावीक स्पंदन ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० वेळा झालं की एक सेकंद, अशी आज सेकंदाची व्याख्याच आहे. आपल्या यंत्रात मात्र साधं क्वार्ट्झचं घड्याळ असतं आणि ते या कामाला अजिबात पुरेसं नाही. त्याची चूक काढायला एक उपग्रह जास्तीचा लागतो. अक्षांश, रेखांश आणि उंची यांसाठी तीन, आणि आपलं घड्याळ किती चुकलंय हे कळायला चौथा. चार उपग्रहांशिवाय जागा नक्की होत नाही ती याचमुळे.

आइन्स्टाइनही यात आहे. उपग्रह वेगानं धावतो म्हणून त्याचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ते ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. वजाबाकी ३८. दिवसाचे हे ३८ मायक्रोसेकंद दुर्लक्षिले तर २४ तासांत ११ किलोमीटरची चूक साठेल. म्हणून उपग्रहावरच्या घड्याळाची गती जमिनीवर असतानाच मुद्दाम कणभर कमी लावतात. १०.२३ मेगाहर्ट्झ असायला हवी ती १०.२२९९९९९९५४३ वर. वर गेल्यावर ती आपोआप बरोबर होते. विसाव्या शतकातलं सगळ्यात अवघड मानलं गेलेलं भौतिकशास्त्र रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी शंभर हँडलबारांवर मुकाट्यानं काम करत असतं, आणि यातलं काहीही घडायला सिमकार्ड लागत नाही. ताम्हिणीत मोबाइलची रेंज गेली की जीपीएसही गेलं असं समजणारे खूप लोक मला भेटतात. जातो तो नकाशा, तोही आधी उतरवून ठेवला नसेल तरच. जागा कळत राहते.

आता निकाल. अमेरिकी सरकारच्या जीपीएसविषयक माहितीनुसार उघड्या आकाशाखाली फोनची चूक साधारण ४.९ मीटरच्या आत असते. मे २००० पर्यंत ही व्यवस्था सामान्य नागरिकांसाठी मुद्दाम धूसर ठेवलेली होती आणि चूक १०० मीटरच्या घरात जायची. त्या मानानं पाच मीटर म्हणजे चैन आहे. घाटातला दुपदरी रस्ता सात मीटरचा असतो. कुठल्या रस्त्यावर आहोत हे कळायला पाच मीटर पुरतात, आणि चुकीच्या फाट्याला लागायला पाच मीटरची चूक कारण ठरत नाही. सायकल यंत्राची अँटेना हँडलबारवर आकाशाकडे तोंड करून बसलेली असते, एवढा त्याला फायदा. फोन जर्सीच्या मागच्या खिशात असेल तर निम्मं आकाश आपलं शरीर झाकतं, आणि शरीर म्हणजे बव्हंशी पाणी, या लहरींना शोषणारं. उलट २०१८ पासून दोन वारंवारता ऐकणारे फोन बाजारात आहेत. दुसऱ्या वारंवारतेची माळ दहापट बारीक मण्यांची असते: पहिलीचा एक मणी २९३ मीटरचा, हिचा २९ मीटरचा. कड्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी त्यामुळे वेगळा काढता येतो. म्हणजे घाटात, निव्वळ जागा सांगण्यात, चांगला फोन साध्या सायकल यंत्राला मागेही टाकू शकतो. हे मी यंत्र वापरणारा असूनही सांगतो, कारण ते खरं आहे.

आणखी एका बाबतीत फोन पुढे आहे. उपग्रह आपला ठावठिकाणा सेकंदाला ५० बिट या वेगानं सांगतो. व्हॉट्सॲपवरचा ३ एमबीचा फोटो या वेगानं यायला साडेपाच दिवस लागतील. एका उपग्रहाची कक्षा नीट ऐकून घ्यायला साधारण अर्धं मिनिट जातं. फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात आणतो आणि चटकन जागा दाखवतो. बरीच नवी सायकल यंत्रंही फोनला जोडली की ती आधीच भरून घेतात. न जोडलेलं यंत्र निघण्यापूर्वी मिनिटभर उघड्या आकाशाखाली ठेवावं, झाडाखाली किंवा पार्किंगमध्ये नव्हे.

आपली स्वतःची नाविक ही व्यवस्थाही इथे सांगायला हवी. इस्रोनं तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला. हे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतात आणि भारताभोवतीच्या १,५०० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी काम करतात. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे. आयफोन १५ प्रोसारख्या काही फोनना नाविक ऐकू येतं. हँडलबारवरच्या प्रत्येक यंत्राला ते ऐकू यावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

म्हणजे अचूकतेच्या बाबतीत सामना बरोबरीत सुटतो. आता तास मोजू.

फोनचा पडदा पाहा. आयफोन १५ च्या पडद्यावर ३० लाख ठिपके असतात आणि सेकंदाला ६० वेळा ते नव्यानं रंगवले जातात: सेकंदाला १८ कोटी ठिपके. गार्मिन एज ५३० च्या पडद्यावर ७९,२१२ ठिपके आहेत आणि वेगाचा आकडा सेकंदातून एकदा बदलला तरी सायकलस्वाराचं भागतं. फोनचा पडदा स्वतःचा उजेड करतो. मे महिन्याच्या दुपारी त्याची लढाई एक लाख लक्सच्या सूर्याशी असते, म्हणून तो पूर्ण ताकदीनं पेटतो, बॅटरी पितो आणि तापतो. ॲपलनं आयफोनसाठी सांगितलेली हवेची कमाल मर्यादा ३५ अंश आहे. विदर्भात एप्रिल उजाडला की ती मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. यंत्राचा पडदा सूर्याचाच उजेड परत फेकतो. ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट. मला विचाराल तर दोन्ही यंत्रांतला सगळ्यात मोठा फरक या एका वाक्यात आहे.

बॅटरीचा हिशेब मी एकदा वहीत मांडला होता. साधारण फोनच्या बॅटरीत १५ वॅट-तास ऊर्जा मावते. मध्यम ताकदीचा सायकलस्वार १५० वॅटनं पायडल मारतो, म्हणजे पूर्ण भरलेला फोन म्हणजे त्याचं सहा मिनिटांचं काम. नकाशा चालू, पडदा सतत जागा, उजेड पूर्ण, डेटा सुरू अशा अवस्थेत फोन पाच-साडेपाच तास टिकतो. म्हणजे तो सुमारे पावणेतीन वॅट खातो.

आता लांबच्या राइडकडे वळू. बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड. त्यांचे नियम ठरलेले आहेत: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एका मोसमात या चारही केल्या तर सुपर रँडोनर हा किताब, एकूण १,५०० किलोमीटर. चाळीस तास फोनचा पडदा जागा ठेवायचा तर ११० वॅट-तास लागतात, म्हणजे सात वेळा पूर्ण भरलेला फोन. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात फोनच्या पोटात २४-२५ वॅट-तास उतरतात. म्हणजे फोनच्या स्वतःच्या बॅटरीशिवाय चार पॉवर बँका, प्रत्येकी दोनशे ग्रॅमच्या वर. पाऊण किलोहून जास्त ओझं, शिवाय पावसात वायरी सांभाळा. एज ५४० च्या जातीचं यंत्र ८० ग्रॅमचं, कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जिंगवर २६ तास चालणारं. वाटेत एकदा जेवताना लावलं की ६०० किलोमीटर निघतात.

याच वहीत आणखी एक ओळ आहे. ६०० किलोमीटरमध्ये तीसेक तास सायकल चालवली, सरासरी १०० वॅटनं, तर शरीराला सुमारे १०,८०० कॅलरी लागतात. एका वडापावाच्या ३०० धरल्या तर ३६ वडापाव. आणि फोन चाळीस तास जागा ठेवायचे ११० वॅट-तास? ९५ कॅलरी. एका वडापावाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ऊर्जा. पण ती पोटातून फोनपर्यंत न्यायची वाट नाही, म्हणून पाऊण किलो लिथियम वाहावं लागतं. एक वाट तशी आहे: पुढच्या चाकाच्या हबमधला डायनॅमो. तो ६ व्होल्टवर ३ वॅट देतो, फोनच्या भुकेला जवळजवळ नेमका पुरेल एवढा. दोन रात्री सायकलवर काढणारे काही जण तो बसवतात आणि मला त्यांचं शहाणपण पटतं.

तासांचा हा हिशेब मी रस्त्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी ३०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये मी पहाटेपासून फोनच हँडलबारला लावून निघालो होतो. सोबत एक पॉवर बँक होती, ती दुपारी संपली. साताऱ्याहून परतताना अंधार पडला आणि भुईंजच्या आसपास फोन विझला. रस्ता मला ठाऊक होता, हायवे सरळ पुण्याला येतो, त्यामुळे काही बिघडलं असं वाटलं नाही. सुरूर फाट्याच्या अलीकडे मागचा टायर फाटला. ट्यूब बदलली, दहा मिनिटांत तीही गेली. रात्रीचे साडेदहा वाजलेले, खंबाटकीचा चढ समोर, शेजारून कंटेनर जात होते. माझ्याबरोबर असलेले पुढे गेले होते. मला बोलवायचं होतं, पण बोलवायचं साधन दिवसभर मी रस्ता पाहण्यात जाळून टाकलं होतं. अर्धा तास सायकल हातात धरून चालल्यावर पेट्रोल पंप लागला. तिथल्या पोरानं स्वतःचा फोन दिला, आणि पाठ असलेला एकच नंबर, घरचा, मी लावला. घरून मित्राला, मित्राकडून मागच्या गाडीला निरोप गेला. त्या पोराचं नावही विचारायचं राहून गेलं.

त्या रात्री मला समजलं की फोनमधली १५ वॅट-तास ऊर्जा कशासाठी राखून ठेवायची असते.

पावसाबद्दल थोडं. सह्याद्रीत सायकल चालवायचा खरा मोसम पावसाळा. चांगला फोन पाण्यात बुडूनही जगतो, पण त्याचा पडदा बोटाचा स्पर्श विजेच्या भारावरून ओळखतो, आणि पडद्यावर पडलेला थेंब त्याला बोटासारखाच भासतो. ताम्हिणीच्या पावसात नकाशा आपोआप मोठा-लहान होतो, मधूनच दुसरंच ॲप उघडतं. यंत्र घ्यायचं असेल तर बटणांचं घ्या. ओल्या हातमोज्यानंही बटण दाबलं जातं.

हादऱ्यांचंही तसंच. ७०० मापाच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. २०० किलोमीटरमध्ये ते ९५,००० वेळा फिरतं आणि आपल्या रस्त्यांचा प्रत्येक खड्डा हँडलबारपर्यंत पोचवतं. ॲपलनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. सायकलला इंजिन नाही, पण पानशेतच्या रस्त्यावरून फोन हँडलबारला लावून नेणाऱ्यानं ही सूचना लक्षात ठेवावी.

चढाईची उंची मोजण्यात मला एक सुंदर गोष्ट सापडली. जीपीएस उंचीत आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकतं, म्हणून चांगल्या यंत्रांत आणि बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. पुण्याच्या उंचीवर साधारण ९ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलनं उतरतो. पण आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीनेक हेक्टोपास्कल खाली येतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. म्हणजे सकाळी टेबलावर ठेवलेलं यंत्र दुपारपर्यंत जागेवर बसूनच २५ मीटर चढतं. वातावरणाचा श्वास हँडलबारवर दिसतो. राइड सुरू करताना उंची पुन्हा लावून घ्या, एवढाच याचा उपयोग.

मोठ्या सायकलस्वारांकडे पाहिलं की आकडे आणखी ताणले जातात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका जोडीनं पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्यानं, बारा दिवसांच्या आत, संपवली. सेकंदाला एक नोंद धरली तर अशा एका शर्यतीच्या रेघेत दहा लाखांहून जास्त ठिपके भरतात. लॅम्ब्टनची साखळी ४०० वेळा उचलली गेली होती. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूनं नोंदवायला हवी: त्याच्या साखळीची चूक काही किलोमीटरमागे इंचांत मोजावी लागे, आपली पाच मीटर आहे.

आता त्या मुलांना देतो तेच उत्तर. शंभर किलोमीटरच्या आतल्या, दिवसाउजेडी संपणाऱ्या राइड करत असाल तर फोन पुरे. नकाशा आधीच उतरवून ठेवा, पडदा बंद करा, फोन खिशात टाका आणि वळण आलं की थांबून पाहा. पडदा बंद असला की तोच फोन दिवसभर नोंद ठेवतो. चहाच्या टपरीवर वीस मिनिटं थांबलात तर नोंदही थांबवा, नाहीतर जागेवरचे १,२०० ठिपके इकडेतिकडे उड्या मारून तुमच्या अंतरात खोटी भर घालतात. नुसता वेग आणि अंतर हवं असेल तर पाच-सात हजारांचं साधं यंत्र भागवतं. तीस-चाळीस हजारांचं नकाशावालं यंत्र पहिल्याच वर्षी घेऊ नका. ते पैसे चांगल्या टायरमध्ये, दिव्यांत आणि हेल्मेटमध्ये घाला. घरात जुना फोन पडून असेल तर नकाशे भरून, विमान मोडवर टाकून तो हँडलबारला लावा. आकाशातल्या हाका बहुतेक फोनना त्या मोडमध्येही ऐकू येतात.

२०० किलोमीटरच्या पुढे, रात्रीच्या, पावसाळ्यातल्या घाटांच्या राइड सुरू झाल्या की मात्र वेगळं यंत्र घ्या, बटणांचं आणि वीस तासांहून जास्त टिकणारं. फोन जर्सीच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, निम्म्याहून जास्त चार्ज असलेला राहू दे. त्यावरून ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लागला पाहिजे. आणि घरचा नंबर पाठ करा.